आधी आंबेड्याला जाऊन ये

ताई, नमस्कार. मी सत्तरीत राहते, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी घेऊन शिकते. गोव्यातल्या एका लेखकाचं बाराशे शब्दांत चरित्र लिहा, असं काम वर्गात दिलं आहे. मी महादेवशास्त्री जोशी निवडले, कारण त्यांचं आंबेडे आमच्याच तालुक्यातलं आणि आजोबांच्या तोंडी त्यांचं नाव नेहमी असतं. मोबाइलवर मिळालं ते सगळं वाचून जन्म, शिक्षण, पुस्तकं, सन्मान, मृत्यू असं क्रमानं लिहून दिलं. मॅडमनी वर लाल शाईनं लिहिलं, 'हा बायोडाटा झाला, चरित्र कुठं आहे?' आणि विश्वकोशाच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. गणेश चवथीच्या सुट्टीनंतर नव्यानं लिहून द्यायचं आहे. त्यांच्या पत्नी सुधाताई जोशींना पोर्तुगीजांनी पकडलं ती बातमी आमच्या गावात कशी कुजबुजत आली, ते आजोबा सांगतात; पण हे मला कुठंच छापलेलं सापडलं नाही. ते लिहिलं तर चालेल का? आणि सुरुवात कुठून करू? निबंधाची प्रत सोबत जोडली आहे.
– एक विद्यार्थिनी, सत्तरी

बाय,

निबंधाची प्रत पाठवलीस ते फार चांगलं केलंस. नुसतं पत्र आलं असतं तर मी चार मोघम गोष्टी सांगितल्या असत्या. आता तुझी वाक्यं समोर ठेवून बोलता येईल.

आधी त्या दोन लाल रेघा. तू लिहिलंस, 'महादेवशास्त्रींनी मराठी विश्वकोशाचे संपादन केले.' तसं नाही. विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. महादेवशास्त्रींचा तो भारतीय संस्कृतिकोश, दहा खंडांचा. दोघेही जोशी, दोघेही शास्त्री, दोघंही पाठशाळेत शिकलेले, दोघांच्याही नावावर कोश, आणि वयात अंतर पाच वर्षांचं: एक १९०१चे, दुसरे १९०६चे. घोटाळा होणं साहजिक आहे, पण बाराशे शब्दांच्या चरित्रात एका माणसाच्या आयुष्याचं सर्वांत मोठं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, तर बाकीच्या अकराशे नव्वद शब्दांवर कोण विश्वास ठेवील?

ही चूक नुसती खोडून पुढं जाऊ नकोस. तिच्यापाशी थोडा वेळ थांब. विश्वकोश हा महाराष्ट्र शासनाचा प्रकल्प, वाईला त्याचं कार्यालय, मागं सरकारी मंडळ. संस्कृतिकोश पुण्यातल्या भारतीय संस्कृतिकोश मंडळानं काढला. त्याच्या मागं एका माणसाची इच्छा होती, आणि तो माणूस तुझ्या तालुक्यातल्या आंबेडे गावात जन्मला होता. भारतातली दैवतं, तीर्थं, व्रतं, जाती-जमाती, सण, कला, ग्रंथ, हे सगळं मराठीत अकारविल्हे लावायचं असं एका कथालेखकाच्या मनात आलं आणि त्यानं ते दहाव्या खंडापर्यंत नेलं. तुझ्या निबंधात याला अर्धं वाक्य मिळालं आहे, तेही चुकीचं. मॅडमनी रेघा दोन मारल्या त्या बहुधा म्हणूनच.

ही चूक तुला तीन साइटवर सापडली असेल. तीन ठिकाणी तेच लिहिलं आहे म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असं धरू नकोस. विहीर एक आणि घागरी तीन, असा तो प्रकार. वाक्यांची रचनासुद्धा सारखी दिसली की समज, कुणीतरी कुणाचं तरी उचललं आहे. मग मूळ विहीर शोधायची. मराठी विश्वकोश आता मोबाइलवर फुकट वाचता येतो, त्यातली नोंद बघ. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, म्हणजे त्या मजकुराला कुणीतरी जबाबदार आहे. त्यानंतर गं. दे. खानोलकरांचे 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक'चे खंड आणि वाङ्मयकोश चाळ. दोन स्वतंत्र ठिकाणी जुळलं तर तारीख निबंधात, नाहीतर वहीत.

आता बायोडाट्याकडे येते. तुझं पहिलं वाक्य आहे, 'महादेवशास्त्री जोशी हे मराठीतील एक थोर साहित्यिक होते व त्यांचे योगदान अनमोल आहे.' त्यांचं नाव काढून तिथं बा. भ. बोरकर लिही. वाक्य तसंच उभं राहतं ना? लक्ष्मणराव सरदेसाई लिही, तरी राहतं. म्हणजे ते वाक्य कुणाचंच नाही. तुझ्या निबंधात अशी नऊ वाक्यं मी मोजली. नऊही काढ, साधारण दीडशे शब्द मोकळे होतील. ती जागा तुला लागणार आहे.

मी हे अधिकारानं सांगते आहे, कारण असं एक वाक्य मीही छापलं होतं. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा एका संस्थेनं स्मरणिकेसाठी एका दिवंगत लेखकावर दोन पानं मागितली. त्यांच्यावर आधी जे जे छापलं होतं ते मी कपाटातून काढून वाचलं. प्रत्येकात 'बालपण अठराविश्वे दारिद्र्यात गेले' असं होतं, मीही तेच लिहिलं. कार्यक्रम झाल्यावर एक म्हातारी बाई स्मरणिका हातात घेऊन माझ्याकडे आली. लेखकाची धाकटी बहीण. ती रागावली नाही. म्हणाली, "आमच्या घरात दोन वेळची पेज होती गो. उपाशी कोणी निजलं नाही. वडील लवकर गेले, ते दुःख होतं. मी इथंच राहते, विचारायला का नाही आलीस?" तिचं घर माझ्या ग्रंथालयापासून पायी दहा मिनिटांवर होतं. 'दारिद्र्य' हा शब्द लिहून मी एका मुलाच्या बापाचं मरण झाकून टाकलं होतं. त्या लेखकाच्या कथांमधून सारखी वाट पाहणारी मुलं येतात. ती कुठून आली, हे त्या दिवशी कळलं. स्मरणिका मात्र वाटून झाली होती.

तेव्हा तुझ्यापुढचं पहिलं काम लिहिण्याचं नाही. तुला त्यांच्याबद्दल खरोखर काय जाणून घ्यायचं आहे, ते ठरव. एकच प्रश्न. बाराशे शब्दांत जवळजवळ सत्त्याऐंशी वर्षांचं आयुष्य बसत नाही. १२ जानेवारी १९०६ ते १२ डिसेंबर १९९२ हा फार लांबचा पल्ला आहे. प्रश्न असला की कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं ते तोच सांगतो.

तुझा प्रश्न मी ठरवणार नाही, पण तुझा निबंध वाचताना माझ्या मनात दोन आले. एक असा: सांगलीच्या पाठशाळेत संस्कृत शिकलेला, जुन्या वळणाचा हा शास्त्री. त्याच्या कथांवर 'कन्यादान' (१९६०), 'मानिनी' (१९६१), 'वैशाख वणवा' (१९६४) असे चित्रपट निघाले. नावांवरूनच दिसतं की घरातली बाई या कथांच्या मध्यभागी आहे. पोथीपुराणात वाढलेल्या माणसाला बायकांच्या मनातलं हे सगळं कुठून ऐकू आलं? आंबेड्याच्या माजघरातून, सांगलीहून की पुण्यातून? याचं उत्तर कुठल्याही साइटवर नाही, त्यांच्या कथांत आहे. 'वेलविस्तार' किंवा 'खडकातले पाझर' यांतला एक संग्रह मिळव आणि त्यातल्या निदान चार कथा पूर्ण वाच. लेखकाचं चरित्र लिहायचं आणि त्याचं एकही पुस्तक उघडायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही. तुझ्या निबंधात अकरा पुस्तकांची नावं आहेत आणि एकाही पुस्तकातली एक ओळ नाही.

दुसरा प्रश्न तुझ्या आजोबांनीच तुझ्या हातात ठेवला आहे. ६ एप्रिल १९५५ला म्हापशात गोवा नॅशनल काँग्रेसचं अधिवेशन भरलं. राजवट पोर्तुगालच्या हुकूमशहाची, सालाझारची, सभेला बंदी, तरी भर बाजाराच्या गावात अधिवेशन, आणि अध्यक्ष सुधाताई जोशी, महादेवशास्त्रींच्या पत्नी. त्यांना तिथंच पकडलं, लष्करी न्यायालयानं बारा वर्षांची शिक्षा दिली, सुटका झाली १९५९ साली. तुझ्या निबंधात हे कुठं आहे? 'त्यांच्या पत्नीनेही स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला होता,' एवढंच, आणि तेही सन्मानांच्या यादीनंतर. बाय, ज्या घरातली बाई चार वर्षं तुरुंगात आहे त्या घरातला लेखक त्या चार वर्षांत काय लिहीत होता? घर कसं चालवत होता? नवरा तुरुंगात आणि बायको घर सांभाळते, अशी चरित्रं आपण पुष्कळ वाचली. इथं उलटं झालं आहे. मी तुझ्या जागी असते तर निबंध इथंच रोवला असता.

आता आजोबा. हो, त्यांचं सांगणं लिही, नक्की लिही. छापलेलं नाही म्हणून ते कमी दर्जाचं ठरत नाही. मात्र ते कशाची साक्ष देतात, हे नीट ओळख. म्हापशात काय झालं, याचे ते साक्षीदार नाहीत. ती बातमी सत्तरीतल्या एका गावात कशी पोहोचली आणि लोक ती कुठल्या आवाजात बोलत होते, याचे ते साक्षीदार आहेत, आणि यासाठी त्यांच्याइतका चांगला साक्षीदार तुला ग्रंथालयात मिळायचा नाही. त्या काळी गोव्यात छापायचा प्रत्येक मजकूर आधी सरकारी सेन्सॉरला दाखवावा लागे, लग्नपत्रिकासुद्धा. अशी बातमी गोव्याच्या पेपरात सरळ यायची नाही. ती माणसांच्या तोंडूनच फिरायची. 'कुजबुजत आली' हा आजोबांचा शब्द तसाच ठेव, त्यात त्या राजवटीचं वर्णन आलं.

त्यांना तारीख विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसाला साल विचारलं की ते बिचकतात, नाहीतर तुला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगून टाकतात. त्यापेक्षा विचार, तेव्हा काजूच्या भट्ट्या लागल्या होत्या का? पाडवा नुकताच झाला होता की पाऊस सुरू झाला होता? सहा एप्रिल म्हणजे पाडवा होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. सत्तरीत तेव्हा काजूचा हंगाम भरात असतो. आजोबा म्हणाले की बोंडू, म्हणजे काजूची फळं, मळायचं काम चाललं होतं आणि अमक्यानं येऊन सांगितलं, तर जुळलं. म्हणाले की भाताची मळणी चालली होती, तर ते खोटं बोलताहेत असं समजू नकोस. कदाचित त्यांना पकडल्याची नव्हे, पुढं शिक्षा झाल्याची किंवा दुसऱ्या कुणाच्या अटकेची बातमी आठवत असेल. पुन्हा विचार. तुम्ही हे तेव्हाच ऐकलंत की मोठेपणी कुणी सांगितलं? कुणी सांगितलं? घरातली मोठी माणसं त्यावर काय म्हणाली? गप्प बसली असतील तर तेही लिहून घे.

सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, कोकणीत असेल तर कोकणीत लिहून घे, शेजारी त्या दिवसाची तारीख घाल. मोबाइलवर आवाज भरून ठेवणार असलीस तर आधी विचारून. निबंधात येताना ते 'माझे आजोबा तेव्हा इतक्या वर्षांचे होते, ते सांगतात' असं आलं पाहिजे. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

चवथीची सुट्टी तुला अडचण वाटते आहे, मला ती संधी वाटते. एरवी कुलूप असलेली घरं चवथीला उघडतात. मुंबई-पुण्याला गेलेली भावंडं मूळ घरी गोळा होतात, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, फळं-पानं बांधताना जुन्या गोष्टी निघतात. याच दिवसांत आजोबांना किंवा वडिलांना बरोबर घेऊन आंबेड्याला जाऊन ये. आधी निरोप धाड, ऐन पूजेच्या वेळी कुणाच्या दारात उभी राहू नकोस. आणि वही उघडून 'महादेवशास्त्री कसे होते?' असं विचारू नकोस. त्याला 'खूप मोठे माणूस' याखेरीज उत्तर येत नाही. विचार, जुनं घर कुठं होतं, मुलं शिकायला कुठं जात, पावसाळ्यात तालुक्याच्या गावाशी, वाळपईशी, संपर्क कसा असे, सांगलीला जायचं म्हणजे त्या काळी कुठल्या वाटेनं जात. कुणी नाहीच भेटलं, तरी गाव बघ. देऊळ बघ, ओहोळ बघ, कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, बघ. ज्या मुलानं मोठेपणी सबंध भारताचा कोश केला, त्या मुलाचं सगळं जग आधी केवढं होतं, ते पायांना कळलं पाहिजे. आणि कुणी घरातली दुखरी, खाजगी गोष्ट विश्वासानं सांगितली तर ती तिथंच ठेव. निबंधाला तिची गरज नसते.

महादेवशास्त्रींनी स्वतःचं चरित्र लिहून ठेवलं आहे, 'आत्मपुराण'. तुझ्या यादीत ते सातव्या क्रमांकावर आहे, ते पहिल्यावर आण. आधी प्रश्न ठरव आणि मगच ते उघड, नाहीतर त्या ओघवत्या लिखाणात वाहून जाशील आणि तुझा निबंध म्हणजे त्याचा सारांश होईल. आत्मचरित्र वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली घे. घटना, गाव, साल यांच्याखाली एक रंग; त्या पुढं दुसऱ्या पुस्तकांशी ताडून बघायच्या. मला असं वाटलं, मी घाबरलो, मला हसू आलं, अशा जागांना दुसरा रंग. त्या ताडायच्या नाहीत, तिथं त्यांचाच शब्द शेवटचा. जशीच्या तशी घेशील ती ओळ अवतरणात आणि पानाच्या आकड्यासह. आणि सुधाताईंच्या वर्षांचे भाग दोनदा वाच, एकदा तो काय सांगतोय म्हणून आणि एकदा तो काय सांगायचं टाळतोय म्हणून.

सुधाताईंसाठी वेगळा शोध घ्यावा लागेल. गोवा गॅझेटियर विभागानं १९८६ साली स्वातंत्र्यसैनिकांची नावानिशी नोंद करणारा इंग्रजी ग्रंथ काढला, तो मोठ्या ग्रंथालयांत असतो. लढ्यावरच्या मराठी पुस्तकांत म्हापशाच्या अधिवेशनाची हकीगत सापडेल. पोर्तुगीज कागदांपर्यंत गेलीस तर एक ध्यानात ठेव: पोर्तुगीजात 'श' हा बहुधा एक्स या अक्षरानं लिहितात. जोशी हे नाव इंग्रजी स्पेलिंगनं शोधत बसलीस तर ते समोर असून दिसायचं नाही.

एक पूर्ण दिवस पणजीसाठी काढ. पाटोवरचं कृष्णदास शामा केंद्रीय ग्रंथालय १८३२ साली सुरू झालेलं आहे, गोव्याविषयीच्या आणि दुर्मीळ पुस्तकांचा तिथं वेगळा विभाग आहे. कॉलेजचं ओळखपत्र घेऊन जा आणि काउंटरवरच्या माणसाला मोकळेपणानं विचार. विचारणारा वाचक आला की आम्हा ग्रंथालयातल्या लोकांना खरंच आनंद होतो. तिथं तीन गोष्टी कर. त्यांच्या कथासंग्रहांची मुखपृष्ठामागची पानं उघडून पहिल्या आवृत्तीचं साल लिहून घे, कारण साइटवर बरेचदा पुनर्मुद्रणाचं साल असतं. १९५० सालापर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे, तिच्याशी ते ताडून बघ. आणि डिसेंबर १९९२च्या वर्तमानपत्रांच्या फायली माग. लेखक गेल्यावर आठवडाभर पेपरात जे येतं, त्यात त्याला ओळखणारी माणसं बोललेली असतात. मात्र पहिल्या पानावर शोधू नकोस. सहा डिसेंबरला अयोध्येत मशीद पाडली गेली होती, त्या दिवसांत पहिली पानं त्याच बातम्यांनी भरलेली. आतली पानं बघ, रविवारच्या पुरवण्या बघ.

जुन्या पुस्तकांवर साल शकात असतं, तिथं मुलं हमखास घसरतात. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याचं नाव त्या ग्रंथालयाला दिलं आहे, त्या केळशीच्या कृष्णदास शामानं आपल्या कृष्णचरित्राचा आरंभ शके १४४८च्या वैशाखात केला, म्हणजे १५२६. बरोबर येतं. पण शक बदलतो पाडव्याला आणि इसवी सन बदलतो जानेवारीत. म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवावे लागतात. महादेवशास्त्रींचा जन्म १२ जानेवारीचा, शके १८२७. ७८ मिळवलेस तर १९०५ होतं आणि माणूस वर्षानं म्हातारा होतो.

लिहिताना भोवतीचा काळ विसरू नकोस, पण त्याचं व्याख्यानही देऊ नकोस. महादेवशास्त्री चार वर्षांचे असताना, ऑक्टोबर १९१०मध्ये, पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. मराठी शाळा, मराठी नियतकालिकं वाढली. मग सालाझार आला, आणि १९३०च्या वसाहत कायद्यानंतर तोंडं पुन्हा बंद झाली. मराठीत लिहिणाऱ्या कितीतरी गोमंतकीयांना छापून यायला मुंबई-पुणं गाठावं लागलं ते का, याचं उत्तर इथं आहे. एवढं दोन वाक्यांत येतं, आणि मग 'ते पुण्याला गेले' हे तुझं कोरडं वाक्य एकदम बोलायला लागतं.

सुरुवात जन्मतारखेनं करू नकोस. तारीख तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात आपसूक येईल. म्हापशापासून सुरू कर, किंवा आजोबांच्या अंगणापासून: पाडव्यानंतरचे दिवस, एक मुलगा, आणि मोठी माणसं आवाज खाली करून एका बाईचं नाव घेताहेत. तिथून वाचणाऱ्याला विचारू दे की ही कोण, हिचा नवरा कोण. मग आंबेडे, सांगली, कथा, चित्रपट. कोशावर निबंध संपव असं मी म्हणेन, कारण पहिला खंड १९६२चा, गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्याच वर्षीचा. सुधाताई तुरुंगात असलेली वर्षं आणि या प्रचंड कामाची उभारणी यांचा काही धागा लागतो का, ते 'आत्मपुराण' वाचून तूच ठरव. लागला तर लिही, नाही लागला तर ओढूनताणून लावू नकोस. 'कदाचित', 'असे वाटते' हे शब्द लिहायला लाजू नकोस, फक्त ते पुराव्याच्या जागी वापरू नकोस.

शब्दांचा हिशोब आधी कर. म्हापसा आणि आजोबा अडीचशे, आंबेडे-सांगली दोनशे, कथा चारशे, घर आणि कोश साडेतीनशे. कथांना सगळ्यांत जास्त जागा ठेव, कारण शेवटी तो लेखक आहे. एका कथेतलं एक पात्र घे, ते काय करतं ते चार ओळींत सांग, जमलं तर त्यांचं एक वाक्य दे. अकरा पुस्तकांची यादी काढून टाक. पुरस्कारांना एक ओळ पुरे. आणि जो पुरस्कार देशील तो कुठल्या पुस्तकाला, कुठल्या भाषेतल्या, ते बघून दे. बोरकरांवर लिहिणारी मुलं साहित्य अकादमीचा पुरस्कार बेधडक त्यांच्या मराठी कवितेला देऊन टाकतात. तो १९८१ साली मिळाला 'सासाय' या कोकणी संग्रहाला.

'श्रद्धेय', 'प्रातःस्मरणीय', 'दिवंगत झाले' असे शब्द तुझ्या निबंधात आहेत. तू आजोबांशी असं बोलतेस का? 'गेले' लिही. आदर 'त्यांनी' आणि 'ते' यांत पुरेसा येतो. आणि त्यांची एखादी गोष्ट तुला पटली नाही, एखादी कथा आज जुनी वाटली, तर तेही कारणासकट लिही. तू वीस वर्षांची वाचक आहेस, त्यांची पात्रं तुझ्या पणजीच्या काळातली. हे अंतर लपवलंस तर निबंध पुन्हा कुणाचाच राहणार नाही.

पक्का मसुदा झाला की मॅडमना द्यायच्या आधी आजोबांना मोठ्यानं वाचून दाखव, मध्ये न थांबता. जिथं ते 'तशें न्हय गो' म्हणतील तिथं पेन्सिलीनं खूण कर. आणि त्या खुणा घेऊन वाळपईहून पणजीची सकाळची बस पकड, ग्रंथालय उघडण्याच्या वेळेला पाटोवर पोहोच.

तुझी,
ताई